पहाटेची पहिली किक : थंडीत अडणाऱ्या मोटारसायकलच्या नोंदी

गाडी २००८ सालची, शंभर सीसीची, हवेने थंड होणारी, हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची आणि केवळ किकवर चालू होणारी आहे. मीटर ७१ हजारांवर अडकून बसल्याला तीन वर्षे झाली, त्यामुळे खरे अंतर सांगता येत नाही. ती वडील वापरतात. आमच्या निफाड तालुक्यात थंडीचा कडाका पडला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि ठिबक सोडावे लागते, नाहीतर पाणी उतरलेले (पिकू लागलेले) मणी तडकतात. म्हणजे गाडीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ती हटून बसते. खालच्या नोंदींतील तापमान पडवीच्या खांबाला टांगलेल्या साध्या तापमापकावरचे आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा जो आकडा वर्तमानपत्रात येतो, त्याहून पडवीतला आकडा थोडा जास्तच असतो, कारण पडवीला तीन बाजूंनी भिंत आहे.

३ डिसेंबर

तापमान ९ अंश. चोक (हवा अडवून मिश्रण दाट करणारी झडप) ओढून ३४ किका, मध्ये दोनदा दम खाण्यासाठी थांबलो, एकूण ११ मिनिटे. चालू झाल्यावर एकदा बंद पडली, मग धरली. दुपारी दोन वाजता तीच गाडी चोकशिवाय पहिल्या किकेत चालू झाली. गेल्या हिवाळ्यात दहा-बारा किका लागत होत्या आणि आम्ही त्याला वय समजून सोडून दिले होते.

६ डिसेंबर

गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये होती. सकाळी अकरा वाजता नेली, मेकॅनिकने एकच किक मारली, गाडी चालू झाली आणि ‘गाडीत काही नाही’ असे ऐकावे लागले. पहाटेची तक्रार आहे असे सांगून रात्रभर ठेवायला लावली. परंतु गॅरेजचे शटर बंद असते, आत हवा उबदार राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडले ते साडेनऊला. चौथ्या किकेत चालू झाली म्हणे. नवा प्लग (ठिणगी देणारा), कार्ब्युरेटर सफाई आणि मजुरी मिळून ४८० रुपये दिले. आज पहाटे १० अंशांवर पुन्हा २९ किका लागल्या. दोष मेकॅनिकला देत नाही, कारण जो बिघाड त्याच्यासमोर घडलाच नाही तो त्याने शोधावा तरी कसा?

८ डिसेंबर

ही नोंद केवळ माझ्या मूर्खपणाची आहे. थंडीत बॅटरी उतरते असे दुकानदाराने सांगितले आणि मी ८५० रुपयांची नवी बॅटरी घेऊन आलो. फरक शून्य. संध्याकाळी वायरिंगचा नकाशा पाहिला तेव्हा कळले, की या गाडीत प्लगला लागणारी वीज मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या) कॉइलमधून थेट सीडीआयकडे (ठिणगीची वेळ साधणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडे) जाते आणि बॅटरीचे काम हॉर्न, इंडिकेटर व ब्रेकचा दिवा एवढेच आहे. खात्री करायला बॅटरीची एक वायर काढून किक मारली, तर गरम इंजिन मजेत चालू झाले. हा प्रयोग खरेदीच्या आधी केला असता तर दोन मिनिटांत ८५० रुपये वाचले असते. सेल्फवर चालू होणाऱ्या किंवा बॅटरीवर स्पार्क देणाऱ्या गाड्यांना हे लागू नाही, तिथे बॅटरी आधी तपासावी.

१० डिसेंबर

आज काहीही दुरुस्त केले नाही. विचार केला, आणि तो आधीच करायला हवा होता. हा बिघाड दिवसातून एकदाच, पहिल्या किकेपासून गाडी पहिल्यांदा चालू होईपर्यंत, दिसतो. एकदा इंजिन तापले की पुढचे निदान पुढच्या पहाटेपर्यंत थांबते. म्हणजे चोवीस तासांत एकच चाचणी हाती आहे. गॅरेजमध्ये प्लग आणि कार्ब्युरेटर एकाच दिवशी हाताळले गेले, त्यामुळे कशाने काय झाले वा झाले नाही हे सांगण्याची सोयच उरली नाही. आजपासून एका दिवशी एकच बदल आणि वहीत तीन आकडे: तापमान, किका, मिनिटे. वडिलांनी वही पाहून विचारले, ‘‘दुधाचा हिशेब का?’’

११ डिसेंबर

८ अंश. पहाटे पाचला, पहिली किक मारण्यापूर्वीच, प्लग काढला, टोपीत अडकवून सिलिंडरच्या पाखांना टेकवला आणि दिवा मालवून किक मारली. ठिणगी निळी, जाड आणि दर किकेला आली. पिवळट किंवा तुटक असती तर कॉइलकडे वळलो असतो. (प्लग त्याच्या भोकापासून लांब धरावा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.) प्लगच्या टोपीतून वायर उसवून पाहिली, तर टोकाशी तांब्यावर हिरवा थर होता. अर्धा सेंटिमीटर वायर कापून टोपी पुन्हा पिळून बसवली. प्लगची फट ०.७ मिमी, पुस्तिकेप्रमाणेच. किका ३०. स्पार्कचा संशय इथे मिटला.

१२ डिसेंबर

८ अंश. आजची चाचणी या सर्व नोंदींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरली. चोक ओढून फक्त दहा किका मारल्या आणि गाडी चालू होण्याच्या आत प्लग काढून पाहिला. तो कोरडा होता. नाकाजवळ धरला तरी पेट्रोलचा वास जेमतेम. दहा किका चोकवर मारल्यावर प्लग ओला व्हायला हवा. ओला असूनही गाडी धरत नसेल तर दोष ठिणगीत किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या दाबात) शोधावा. कोरडा असेल तर पेट्रोल आतच पोहोचत नाही. आतापर्यंत मी प्लग काढत होतो तो गाडी चालू होऊन बंद केल्यावर, आणि तेव्हा तो अर्थातच सुंदर तपकिरी दिसत असे.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. वडील किक मारताना अ‍ॅक्सिलेटर पिळतात. या कार्ब्युरेटरला पिळल्यावर पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप नाही. उलट थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधली हवेची वाट) उघडले की स्लो जेटमधून (संथ वेगाला पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक भोकातून) येणारे थोडेफार पेट्रोलही कमी होते. चाळीस वर्षांची सवय मोडणे मात्र माझ्या पान्यांच्या पेटीत नाही.

१३ डिसेंबर

एअर फिल्टरची नळी सोडवून कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च मारला आणि चोकची दांडी वर उचलली. झडप पूर्ण मिटायला हवी होती, परंतु खालच्या कडेला काडेपेटीच्या काडीएवढी फट राहिली. दांडी जिथे टेकते त्या कोपऱ्यात एक घट्ट पिवळसर गोळा बसला होता: बागेत गंधकाची धुरळणी होते, तिची पूड, इंजिनचे तेल आणि रस्त्याची माती यांचा वर्षानुवर्षे मुरलेला चिकटा. दांडी त्यावर आपटून तिथेच थांबत होती. हाताला मात्र चोक ‘पूर्ण लागला’ असेच जाणवत होते, खटका वाजत होता. रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश आणि बांबूची काडी यांनी अर्ध्या तासात तो निघाला. झडपेचे दोन स्क्रू मात्र हलवले नाहीत. कारखान्यात त्यांची टोके दाबून बंद केलेली असतात, आणि तो एखादा सैल झाला तर सरळ इंजिनात जातो.

१४ डिसेंबर

८ अंश. १९ किका, ५ मिनिटे. बिघाड आहेच, पण ३ डिसेंबरच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आला. खर्च शून्य.

१५ ते १८ डिसेंबर

या चार दिवसांत स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू झाला. बाऊल (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) उघडण्यापूर्वी त्यातले पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवले, तळाशी पाणी दिसले नाही. स्लो जेट उजेडाकडे धरला तर भोक गोल न दिसता चंद्रकोरीसारखे दिसत होते. गॅरेजमध्ये जी सफाई झाली ती बाहेरून हवा मारण्यापुरती होती, असे यावरून वाटते. जेट क्लीनरमध्ये रात्रभर भिजवला आणि बारीक वायरमधील तांब्याची एक तार त्यातून फिरवली. पोलादी सुई वापरू नये, पितळेचे भोक मोठे होते आणि मग तो जेट कायमचा वाया जातो. १६ तारखेला ८ अंशांवर १६ किका.

मग मिश्रणाचा स्क्रू. इथे मी पुन्हा चुकलो. हा स्क्रू कार्ब्युरेटरच्या इंजिनकडील बाजूला असेल तर तो बहुधा पेट्रोल सोडतो आणि बाहेर काढला की मिश्रण दाट होते. फिल्टरकडील बाजूला असेल तर तो हवा सोडतो आणि बाहेर काढला की मिश्रण पातळ होते. माझा फिल्टरकडे आहे, हे डोळ्यांनी दिसत असूनही मी तो अर्धा फेरा बाहेर काढला, कारण कुणाच्या तरी गाडीवर तसे करताना पाहिले होते. १७ तारखेला २५ किका. त्याच दुपारी मूळ जागेवरून पाव फेरा आत घेतला. १८ तारखेला ९ अंशांवर १४.

मिश्रण किंचित दाट करावे लागले यात नवल नाही. पेट्रोलचा एक भाग पुरता जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ भाग लागते. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि ही गाडी २००८ ची, जेट जुन्या पेट्रोलसाठी छिद्रलेले. जेट तोच राहिला की मिश्रण पातळ पडते, शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता बरीच जास्त लागते. आमच्याच भागातल्या उसाचे इथेनॉल आमच्याच गाडीला पहाटे जड जाते, एवढी गंमत नोंदवून पुढे जातो.

२० डिसेंबर

तेल बदलले. मागच्या वेळी पंपावरच्या मुलाने २०डब्ल्यू-५० भरले होते आणि ‘जुन्या गाडीला जाड तेल चांगले’ हे आम्हालाही पटले होते. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३०, म्हणजे त्याहून पातळ, लिहिले आहे. ९०० मिली, ३९० रुपये. पहाटे किकचा दांडा हाताने दाबून पाहिला, फरक स्पष्ट आहे, पाय सरळ खाली जातो आणि इंजिन जास्त वेगाने फिरते. ७ अंशांवर १२ किका. १८ तारखेपेक्षा तापमान दोन अंशांनी कमी असताना.

२१ व २२ डिसेंबर

शेजारच्या काकांनी सुचवल्याप्रमाणे रात्री इंजिनवर गोणपाट टाकले. १० किका. दुसऱ्या रात्री सिलिंडरजवळ १०० वॅटचा बल्ब पहाटे तासभर लावून ठेवला, दुसऱ्या किकेत गाडी चालू. उपाय म्हणून हे वाईट नाही, पण निदान म्हणून निरुपयोगी आहे. थंडीमुळे अडते हे तर आधीच माहीत होते. गाडीखाली निखाऱ्यांची घमेली ठेवणारेही गावात आहेत. कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये पेट्रोल असते, तेव्हा हे कुणी करू नये.

२३ डिसेंबर

७ अंश. दहा किकांनंतर प्लग काढला. आज तो ओला होता. म्हणजे पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी चांगली आहे, तरी धरत नाही. राहिले कॉम्प्रेशन. किक हाताने दाबली तर दट्ट्या (पिस्टन) वर येताना जो हट्ट जाणवायला हवा तो क्षणभर जाणवतो आणि मग हळूच ओसरतो, जणू कुठून तरी हवा सुटते आहे.

२४ ते २७ डिसेंबर

तीन दिवस निव्वळ कॉम्प्रेशन मोजण्याच्या गेजच्या शोधात गेले. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याकडचे गेज डिझेल इंजिनाचे, त्याचा काटा या गाडीच्या दाबाने जेमतेमच हलला असता. दुसऱ्याकडचे पेट्रोल इंजिनाचे होते, पण त्याची जोडणी १४ मिमी आट्यांची आणि या गाडीच्या प्लगचे आटे १० मिमीचे. शेवटी नाशिकहून १० मिमीच्या जोडणीसह नवे आणले, ९५० रुपये. भाड्याने मिळाले असते तर बरे झाले असते.

पहिले वाचन चौरस सेंटिमीटरला ४.५ किलो आले आणि पोटात गोळा आला. मग लक्षात आले की थ्रॉटल बंद होते, त्यामुळे इंजिनला हवाच मिळत नव्हती. थ्रॉटल पूर्ण उघडून, प्लग टोपीत घालून इंजिनला टेकवून (सीडीआयला इजा होऊ नये म्हणून), आठ-दहा किका मारल्या तेव्हा ७ आले. पुस्तिकेप्रमाणे ११ ते १२ हवे. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले: ७.५. तेलाने आकडा बराच वाढला असता तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असे मानले असते, कारण तेल रिंगांभोवती जाऊन गळती बुजवते. फारसा वाढला नाही, म्हणून गळती बहुधा व्हॉल्व्हमधून (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांमधून) आहे. हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) काढण्यापूर्वी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या स्क्रूमधली फट) तपासायचे ठरवले. फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) १६० रुपये.

२८ डिसेंबर

रात्रभर थंड झालेल्या इंजिनवरच टॅपेट मोजावे. डावीकडच्या झाकणावरील दोन बूच काढले, मोठ्या बुचातून पाना घालून मॅग्नेट चाक पुढे जाताना फिरते त्या दिशेने फिरवले आणि छोट्या बुचाच्या खिडकीत ‘टी’ची (दट्ट्या सर्वांत वर असल्याची) खूण खाचेशी जुळवली. दोन्ही रॉकर दाबलेले, पाते आत जाईना. सापडले, असे वाटून दोन्ही स्क्रू सैल केले, पात्याला फट मिळाली, नट आवळले, झाकणे लावली. गाडी १५ किकांनी चालू झाली आणि शिलाई मशीनसारखी खडखडू लागली. लगेच बंद केली.

चूक अशी, की चार स्ट्रोकच्या इंजिनात ‘टी’ची खूण एका चक्रात दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि रॉकर मोकळे असतात. आणि एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात आणि रॉकर साहजिकच दाबलेले असतात. मी दुसऱ्या वेळी जुळवले होते. एक पूर्ण फेरा पुढे गेलो असतो तर रॉकर बोटाने हलवून पाहता आला असता. पुस्तिकेत हे वाक्य आहे. मी ते वाचलेही होते.

२९ डिसेंबर

या चुकीमुळे मूळ फट किती होती हे पाहण्याची संधी गेली असे वाटले होते, पण काल स्क्रू फिरवताना त्यांच्या डोक्यावर पेनने खुणा केल्या होत्या, त्या कामी आल्या. स्क्रू जुन्या खुणांवर परत नेले, इंजिन योग्य ‘टी’वर आणले, दोन्ही रॉकर हलवून पाहिले. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा रॉकर किंचित टिकटिकला, ०.०५ मिमीचे पाते थोडे घासत गेले. सायलेन्सरकडच्या व्हॉल्व्हचा रॉकर जरासाही हलेना. ०.०५ गेले नाही, ०.०३ चे पातेही गेले नाही. म्हणजे फट नव्हतीच, आणि बंद असायला हवा तो व्हॉल्व्ह स्क्रूच्या टोकावर केसभर उचललेला राहत होता.

व्हॉल्व्हची बैठक झिजून तो वर सरकत गेला की फट वाढत नाही, मिटते. म्हणून आवाज येत नाही. खडखडणाऱ्या टॅपेटची तक्रार लोक करतात, मुक्या टॅपेटची कुणी करत नाही, आणि आम्हीही ‘जुनी असून इंजिन किती शांत’ असे कौतुक करत होतो. गरम इंजिन भराभर फिरते तेव्हा एवढ्या फटीतून निसटायला हवेला वेळ मिळत नाही. पहाटे किकच्या संथ वेगावर तो भरपूर मिळतो.

दोन्हीकडे ०.०५ ठेवले. नट आवळताना स्क्रूही त्याच्याबरोबर थोडा फिरतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजावे लागते. सायलेन्सरकडचा चौथ्या प्रयत्नात जमला. झाकणांच्या ओ-रिंगा नव्या घातल्या, ४० रुपये. कॉम्प्रेशन १०.५.

३० डिसेंबर

६ अंश. चोक ओढून, स्विच बंद ठेवून दोन किका, मग स्विच चालू करून तिसऱ्या किकेत धरली. वडिलांनीच मारली. अ‍ॅक्सिलेटर पिळला नाही, कारण मी त्यांचा उजवा हात धरून ठेवला होता.

१४ जानेवारी

मधल्या पंधरवड्यात सर्वांत थंड पहाट ४.५ अंशांची होती, त्या दिवशी ५ किका लागल्या. इतर दिवशी २ ते ४. वहीत रोजचे आकडे लिहिणे परवा बंद केले.

खर्च: गॅरेज ४८०, बॅटरी ८५०, क्लीनरचा डबा २६०, तेल ३९०, कॉम्प्रेशन गेज ९५०, फिलर गेज १६०, ओ-रिंगा ४०, एकूण ३,१३० रुपये. यातले तेल, क्लीनर, फिलर गेज आणि ओ-रिंगा एवढेच खरोखर लागले, ते ८५० होतात, म्हणजे नेमके त्या बॅटरीइतके. वेळ सहा आठवडे. टॅपेट ३ डिसेंबरलाच मोजला असता तर चोकचा चिकटा कदाचित आणखी वर्षभर तसाच राहिला असता, हे खरे. परंतु क्रम पुन्हा ठरवायचा झाला तर प्लग कोरडा की ओला, मग चोकची झडप, मग टॅपेट, असाच ठेवीन, आणि त्याआधी दुकानात जाणार नाही.

आज संक्रांतीची सुटी म्हणून टॅपेट पुन्हा मोजला. आत घेणारा ०.०५ वर जसाच्या तसा आहे. सायलेन्सरकडच्यात ०.०५ चे पाते ओढून काढावे लागते, ०.०४ चे सहज जाते. अंदाजे साडेचारशे किलोमीटर चालून एवढी फट मिटली असेल तर बैठक अजून झिजते आहे. फट पुन्हा ०.०५ केली आहे आणि दर महिन्याला मोजणार आहे. मार्चमध्ये माल गेल्यावर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासावे लागतील. त्याच्या नोंदी वहीच्या मागच्या पानांपासून लिहीन.